प्रतिपिंडांची खानेसुमारी



या व्याख्यानमालेचा शिरस्ता असा आहे की, वक्त्याने आपल्या व्यासंगातला एकच विषय घ्यावा आणि शास्त्रीय तपशिलाला बाध न आणता, परंतु परिभाषेचे ओझे श्रोत्यांच्या माथी न मारता, तो शेवटपर्यंत न्यावा. त्या शिरस्त्यास अनुसरून, प्रथिनांच्या कार्याचे जे मापन अलीकडच्या काळात विराट प्रमाणावर सुरू झाले आहे त्याविषयी, आणि विशेषतः त्या मापनातून अधिक गुणवान प्रतिपिंडे घडविण्याचा जो उद्योग चालला आहे त्याविषयी, मी आज बोलणार आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा मजकूर कोणत्या रोखाने चालला आहे हे आपणांस कळत जाईल. औषधी प्रतिपिंडांचे शास्त्र शंभराहून अधिक वर्षे 'यांतले सर्वोत्तम कोणते?' हा एकच प्रश्न विचारीत आले. आता ते 'यांतले प्रत्येक कसे आहे?' असे विचारू लागले आहे. आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर जिंकणाऱ्यांइतकीच हरणाऱ्यांचीही नोंद काटेकोरपणे ठेवावी लागते. हरणाऱ्यांची ही नोंद हेच या शास्त्राचे खरे नवे धन होय, असे माझे मत आहे.

प्रतिपिंड हे रक्तात वावरणारे एक प्रथिन. त्याचा रेणुभार सुमारे दीड लाख. दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकत्र जखडल्या जाऊन त्याचा आकार इंग्रजी वाय या अक्षरासारखा होतो, ही गोष्ट इंग्लंडचे रॉडनी पोर्टर आणि अमेरिकेचे जेराल्ड एडेलमन यांनी निरनिराळ्या वाटांनी उलगडली, आणि १९७२ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना विभागून मिळाले. या वायच्या दोन बाहूंची टोके प्रतिजनाला, म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्याला, धरतात. १९७० साली वू आणि कबट यांनी अनेक हलक्या साखळ्यांचे अनुक्रम एकाखाली एक मांडून असे दाखविले की, एका प्रतिपिंडात आणि दुसऱ्यात जे फरक असतात ते साखळीभर विखुरलेले नसून ठराविक तीन जागी एकवटलेले असतात. जड साखळीचीही कथा तीच. म्हणजे प्रत्येक बाहूच्या टोकाशी तीन अधिक तीन अशी सहा लहान वेटोळी, आणि प्रतिजनाची ओळख पटविण्याचा बहुतेक सारा भार त्या वेटोळ्यांवर.

आता थोडा हिशेब करू. प्रथिनांत वीस प्रकारची अमिनो आम्ले येतात. एका वेटोळ्यातील अवघी दहा स्थाने घेतली आणि प्रत्येक स्थानी वीसांपैकी कोणतेही आम्ल येऊ शकते असे मानले, तर होणाऱ्या रूपांची संख्या दहा लाख चोवीस हजार कोटी इतकी भरते. ही दहाच स्थानांची कथा. सहाही वेटोळी मिळून स्थाने कितीतरी अधिक. इतकी रूपे घडविणे कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यातले नाही आणि शरीराच्याही नाही. शरीर काय करते, तर जनुकांचे निरनिराळे तुकडे जुळवून आरंभीची एक मोठी विविधता निर्माण करते (हे सुसुमु टोनेगावा यांनी दाखविले, १९८७ चे नोबेल त्यांचेच), आणि मग ज्या पेशीचे प्रतिपिंड प्रतिजनाला थोडेबहुत धरते, त्या पेशीच्या जनुकात यदृच्छेने फेरफार घडवून, त्यांतून अधिक घट्ट धरणाऱ्यांना वाढू देते. प्रतिजन टोचल्यानंतर दिवसागणिक प्रतिपिंडांची पकड घट्ट होत जाते, असे हर्मन आयसेन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी १९६४ साली मोजून सिद्ध केले होते. परंतु या घट्टपणालाही एक मर्यादा आहे. १९९५ साली जेफरसन फूट आणि आयसेन यांनी असा युक्तिवाद केला की, पेशीला पकडीतला फरक जाणवतो तोवरच ती निवड करू शकते. एका पातळीपलीकडे अधिक घट्ट पकडीचा पेशीला काहीच लाभ नसल्यामुळे निसर्गाची निवड तिथे थांबते. ही निवड फार कार्यक्षम खरी, पण ती दफ्तर ठेवीत नाही. जी पेशी मागे पडली ती मरून जाते; ती का मागे पडली आणि किती मागे पडली, याचा पुरावा तिच्याबरोबर नाहीसा होतो.

मनुष्याने प्रतिपिंडे घडविण्याचा उद्योग आरंभिला तेव्हा त्यानेही प्रथम हीच वहिवाट उचलली, यात नवल नाही. १९७५ साली केंब्रिजमध्ये गेओर्ग कोलर आणि सेझर मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड स्रवणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्कपेशी यांचा संकर करून एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची युक्ती काढली. ती प्रतिपिंडे उंदराची असत, आणि माणसाचे शरीर त्यांनाच परके समजून त्यांच्यावर उलटे. म्हणून १९८६ साली ग्रेगरी विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या प्रतिपिंडातील फक्त वेटोळी उचलून मानवी प्रतिपिंडाच्या सांगाड्यात बसविली. त्याच सुमारास, १९८५ साली, अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या जॉर्ज स्मिथ यांनी जीवाणुभक्षी विषाणूच्या पृष्ठभागावर परके प्रथिन प्रदर्शित करून दाखविले. १९९० साली विंटर आणि त्यांचे सहकारी यांनी त्या विषाणूवर प्रतिपिंडाचा खंड चढविला. बाहेर प्रथिन आणि आत त्या प्रथिनाचे जनुक, अशी जोडी एकाच कणात बांधली गेल्यामुळे अब्जावधी कणांच्या समूहातून प्रतिजनाला चिकटणारे तेवढे उचलावे, बाकीचे धुऊन टाकावे, उचललेले वाढवावे आणि पुन्हा निवडावे, असे चक्र चालविता येऊ लागले. संधिवातावरचे अडालिमुमॅब हे औषध, ज्याला अमेरिकेत २००२ च्या अखेरीस परवानगी मिळाली, याच मार्गाने जन्मले. स्मिथ आणि विंटर यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि ज्या कोणा रुग्णाची बोटे त्या औषधाने पुन्हा हलू लागली असतील, त्याच्या दृष्टीने ते पारितोषिक उशिराच मिळाले म्हणायचे.

या पद्धतीचा गौरव करूनही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. 'बाकीचे धुऊन टाकावे' असे मी म्हणालो. जे धुऊन टाकले त्यात काय होते? चिकटले नाही ते का चिकटले नाही? मूळ प्रतिपिंडातील कोणता फेरफार घातक होता, कोणता निरुपद्रवी होता, कोणता एकटा निरुपद्रवी पण दुसऱ्याच्या जोडीने घातक होता? निवडीच्या अंती हाती येणारी मूठभर विजयी रूपे या प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाहीत.

उत्तरे मिळविण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. १९८९ साली कनिंगहॅम आणि जेम्स वेल्स यांनी मानवी वृद्धिसंप्रेरकातील एकेक अमिनो आम्ल काढून त्या जागी ॲलानिन हे साधे आम्ल बसविण्याचा आणि दर वेळी ग्राहक प्रथिनाशी होणारा संयोग मोजण्याचा क्रम चालविला. पुढे १९९५ साली क्लॅक्सन आणि वेल्स यांनी दाखविले की, दोन प्रथिने ज्या विस्तृत पृष्ठभागावर एकमेकांना टेकतात त्यातील मूठभर आम्लांवरच बंधनाचा बहुतांश भार असतो. हे फलित पायाभूत ठरले. परंतु प्रत्येक फेरफार स्वतंत्रपणे घडवायचा, त्याचे प्रथिन शुद्ध करायचे, मोजायचे आणि मग पुढच्याकडे वळायचे, या गतीने सर्व स्थानांवरची एकोणीस-एकोणीस रूपे तपासायची म्हटली तर एका संशोधकाची अर्धी हयात जाईल.

ही अडचण ज्या दोन साधनांनी दूर केली त्यांतले पहिले यीस्ट. होय, पावाची कणीक फुगविणारे आणि मद्य आंबविणारे तेच यीस्ट. या पेशी समागमासाठी परस्परांना चिकटतात, आणि त्या चिकटण्याकरिता त्यांच्या भित्तिकेवर काही खास प्रथिने असतात. १९९७ साली इलिनॉय विद्यापीठात एरिक बोडर आणि डेन विट्रप यांनी त्यांपैकी एका प्रथिनाच्या शेपटास प्रतिपिंडाचा खंड जोडला, आणि त्याच्या हजारो प्रती एकेका यीस्ट पेशीच्या अंगावर बाहेर लटकू लागल्या. येथे थोडे थांबून ही क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. नळीतील द्रवात कोट्यवधी पेशी तरंगत आहेत आणि प्रत्येकीवर प्रतिपिंडाचे एकच रूप, पण शेजारणीहून वेगळे. त्यांत दोन रंगद्रव्ये मिसळली जातात. एक रंग प्रतिपिंडाच्या खंडालाच चिकटतो, म्हणून पेशीवर किती प्रती लटकत आहेत हे तो सांगतो. दुसरा प्रतिजनाला जोडलेला असतो, म्हणून त्या प्रतींनी किती प्रतिजन धरले हे सांगतो. मग हा द्रव एका यंत्रातून अतिसूक्ष्म धारेने सोडतात. पेशी एकामागून एक लेसरच्या किरणातून जातात, क्षणमात्र उजळतात, आणि त्या उजळण्यात पहिला रंग किती, दुसरा किती, हे यंत्र टिपून घेते. लगेच धारेचे थेंब पडतात. ज्या थेंबात हवी ती पेशी आहे त्यावर विद्युद्भार चढविला जातो आणि दोन पट्ट्यांमधल्या विद्युत्क्षेत्रात तो थेंब बाजूस वळून आपल्या नेमल्या नळीत पडतो. सेकंदाला हजारो पेशींची अशी छाननी होते. स्टॅनफर्डच्या लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी पेशी-वर्गीकरणाचे हे यंत्र साठ-सत्तरीच्या दशकांत घडवीत आणले होते. यीस्टने त्याला नवे काम दिले.

दोन रंग का, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मापन आणि नुसती निवड यांतला भेद तिथेच आहे. एखाद्या पेशीवर प्रतिजनाचा रंग मंद दिसला, तर त्याची कारणे दोन असू शकतात. एक, प्रतिपिंडाची पकड खरोखर सैल आहे. दुसरे, पकड उत्तम आहे पण त्या रूपाचे प्रथिन नीट घडी घेत नसल्यामुळे पेशीवर त्याच्या प्रती थोड्याच पोचल्या आहेत. औषध घडविणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन दूषणे अगदी भिन्न आहेत. एकाच रंगावर भिस्त ठेवणारा त्यांची गल्लत करील. दोन रंगांचे गुणोत्तर घेणारा प्रत्येक रूपाची कैफियत स्वतंत्रपणे ऐकून घेतो. २००० साली बोडर, मिडेलफोर्ट आणि विट्रप यांनी फ्लुओरेसिन या रंगद्रव्याला धरणाऱ्या एका प्रतिपिंडावर फेरफार आणि निवड यांची चार आवर्तने चालवून जी पकड मिळविली, ती इतकी घट्ट होती की धरलेला रेणू सुटायला अर्धायुष्याच्या हिशेबाने पाच दिवसांहून अधिक काळ लागे. फूट आणि आयसेन यांनी सांगितलेली शरीराची मर्यादा कितीतरी मागे पडली होती. मर्यादा द्रव्याची नव्हती, निवडणाऱ्याच्या जाणिवेची होती, या त्यांच्या युक्तिवादाला याहून चोख रुजुवात दुसरी कोणती हवी?

दुसरे साधन डीएनएचे अनुक्रम कोट्यवधींच्या संख्येने वाचणारी यंत्रे. ती आली आणि हिशेब ठेवणे शक्य झाले. २०१० साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील डग्लस फाउलर, स्टॅन्ली फील्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत पुढे २०२४ साली नोबेल मिळविणारे डेव्हिड बेकरही होते, एका छोट्या मानवी प्रथिनखंडाची सहा लाखांहून अधिक रूपे जीवाणुभक्षी विषाणूंवर चढविली, ती एका पेप्टाइडाला चिकटतात की नाही अशी निवड चालविली, आणि निवडीच्या आधी व नंतर प्रत्येक रूपाची संख्या मोजली. ज्याचे प्रमाण वाढले ते पात्र; घटले ते अपात्र; किती वाढले आणि किती घटले त्यावरून कमी-अधिक पात्रता. पाहा, प्रयोगाचा सांगाडा जुनाच आहे, विषाणूही जीवाणुभक्षीच. फरक इतकाच की धुतले गेलेल्यांचीही आता खानेसुमारी झाली.

तरीही खानेसुमारी म्हणजे मापन नव्हे. प्रमाण किती वाढले यावरून बंधनशक्ती किती, हे थेट सांगता येत नाही. फार घट्ट धरणारी सारी रूपे एकाच पातळीवर जाऊन साचतात, आणि ज्यांचे अनुक्रम चार-दोन वेळाच वाचले गेले त्यांच्या बाबतीत योगायोग आणि गुण वेगळे करता येत नाहीत. २०१६ साली कोल्ड स्प्रिंग हार्बरचे जस्टिन किनी, पॅरिसचे थिएरी मोरा आणि अलेक्सान्द्रा वालचाक, व त्यांचे सहकारी ऱ्हिस ॲडम्स यांनी यावर जी तजवीज काढली ती मला या सबंध इतिहासातील सर्वांत सुंदर वाटते. त्यांनी त्याच फ्लुओरेसिन धरणाऱ्या प्रतिपिंडाची हजारो रूपे यीस्टवर चढविली, प्रतिजनाचे प्रमाण अत्यल्पापासून विपुलापर्यंत पायरीपायरीने वाढवीत नेले, दर पायरीला पेशींची उजळण्यानुसार निरनिराळ्या नळ्यांत वाटणी केली आणि प्रत्येक नळीतील अनुक्रम मोजले. त्यावरून प्रत्येक रूपासाठी, प्रतिजनाच्या कोणत्या प्रमाणाला त्याच्या निम्म्या प्रती भरतात, हा रसायनशास्त्रज्ञाला परिचित असलेला आकडा काढता आला. एका प्रथिनाला एक दिवस देऊन जो आकडा पूर्वी मिळे, तो एकाच प्रयोगात हजारोंना मिळाला. त्यात फसवणूक नाही, अंदाज नाही, तुलना कोणाशीही करता येते.

या तंत्राने जे दाखविले त्यातला एक दाखला मी विस्ताराने देतो, कारण निवडीने तो कधीच दिसला नसता. फ्लूच्या विषाणूंच्या अनेक जाती आहेत, आणि माणसाच्या शरीरात क्वचित असे प्रतिपिंड सापडते जे एकमेकींपासून फार दूरच्या जातींनाही धरते. सीआर-९११४ हे त्यांतले एक. अ गटाच्या विषाणूंच्या दोन्ही शाखा आणि ब गटाचे विषाणू, असे सारे त्याच्या पकडीत येतात. शरीरातल्या मूळ रूपापासून या रूपापर्यंत येताना त्याच्या जड साखळीत जे फेरफार झाले, त्यांतले सोळा घेऊन हार्वर्डमधील अँजेला फिलिप्स, मायकेल देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक प्रश्न विचारला: हे सोळा फेरफार कोणत्याही क्रमाने झाले असते तर चालले असते काय? उत्तरासाठी त्यांनी सोळा स्थानी प्रत्येकी 'जुने' किंवा 'नवे' अशा दोन शक्यता घेऊन होणारी सारी, म्हणजे ६५,५३६ रूपे घडविली आणि यीस्टवर प्रत्येकाची बंधनशक्ती तीन निरनिराळ्या फ्लू-प्रथिनांविरुद्ध मोजली. दिसले ते असे. अ गटाच्या पहिल्या शाखेला धरणे सोपे. थोडे फेरफारही पुरतात. दुसऱ्या शाखेला धरण्यास त्यांवर आणखी काही ठराविक फेरफार लागतात. आणि ब गटाला धरणारी रूपे फारच थोडी, तीही आधीच्या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्यांपैकीच. व्यापक पकड अशी पायऱ्यापायऱ्यांनी चढावी लागते, आणि पायऱ्यांचा क्रम बदलता येत नाही. त्याअर्थी शरीराला ज्या क्रमाने ते विषाणू भेटतील त्यावरच असे प्रतिपिंड घडेल की नाही हे ठरण्याचा संभव आहे, आणि लस देणाऱ्याने कोणते प्रतिजन आधी आणि कोणते नंतर द्यावे याचा विचार या मापनावर उभा करता येतो. एका विजयी प्रतिपिंडाचा अनुक्रम कितीही न्याहाळला तरी त्यातून हा क्रम कळत नाही. तो कळतो तो पायरी चुकलेल्या हजारो रूपांवरून.

आता जे सांगणार आहे त्याच्याशी आपणां सर्वांचा संबंध आला होता. २०२० साली करोनाची महासाथ भरात असताना सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन संस्थेत जेसी ब्लूम यांच्या प्रयोगशाळेत टायलर स्टार, ॲलिसन ग्रीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दृष्टिकोन उलटा फिरविला. प्रतिपिंडाऐवजी त्यांनी विषाणूचाच तो भाग यीस्टवर चढविला, जो मानवी पेशीला धरतो. त्याच्या २०१ स्थानांवर एका वेळी एक असे ३,८१९ फेरफार संभवतात. त्यांपैकी ३,८०४ त्यांनी मोजले. कोणत्या फेरफाराने मानवी पेशीवरील ग्राहक प्रथिनाशी पकड घट्ट होते आणि कोणत्याने सैल होते, याचा तो संपूर्ण नकाशा होता, आणि ५०१ व्या स्थानी (हे क्रमांक विषाणूच्या सबंध प्रथिनातले) टायरोसिन आले की पकड घट्ट होते ही नोंद त्यात तेव्हाच होती, ज्या फेरफाराचे विषाणू त्या वर्षाच्या अखेरीस इंग्लंडात व दक्षिण आफ्रिकेत गाजले. मग त्याच रूपसमूहावर त्यांनी औषध म्हणून दिली जाणारी प्रतिपिंडे सोडली, आणि जी रूपे प्रतिपिंडाला चुकवून निसटली त्यांची यादी केली. कॅसिरिविमॅब आणि इम्डेविमॅब ही दोन औषधी प्रतिपिंडे विषाणूच्या निरनिराळ्या जागा धरतात, म्हणून एका फेरफाराने दोहोंना चुकविता येणार नाही अशा भरवशावर ती जोडीने दिली जात. नकाशात दिसले की, ४०६ व्या स्थानी ट्रिप्टोफॅन आले तर एकाच फेरफाराने दोन्हीही निष्प्रभ होतात. रचनेकडे पाहून हे कोणाच्या ध्यानात आले नसते. ते मोजल्यामुळे समजले.

२०२१ च्या आरंभी आपल्या विदर्भात रुग्ण वाढू लागले आणि दुसरी लाट महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी येथील नमुन्यांत ४५२ व्या स्थानी ल्युसिनऐवजी आर्जिनिन आणि ४८४ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन असे फेरफार नोंदविले. सिअ‍ॅटलच्या नकाशात बॅमलानिविमॅब या प्रतिपिंडाच्या रकान्यात ही दोन्ही स्थाने निसटण्याच्या वाटा म्हणून आधीच दाखविलेली होती. त्या औषधाला एकट्याने वापरण्याची जी तातडीची परवानगी अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मिळाली होती, ती एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली. त्या दिवसांत आपल्या घरांतून गेलेली माणसे डोळ्यांपुढे आणून मी हे बोलतो आहे. नकाशाने त्यांपैकी कोणाचा प्राण वाचला असता असा दावा मी करीत नाही. येथे ती औषधे बहुतेकांच्या आवाक्यातच नव्हती. परंतु विषाणू कोणत्या वाटेने निसटेल हे साथीच्या मागून नव्हे तर पुढून सांगता येते, ही शक्यता त्या वर्षी प्रत्यक्षात उतरली, आणि तो नकाशा सर्वांना खुला होता म्हणूनच ती उपयोगी पडली. खाजगी कंपन्यांच्या कपाटांत अशा किती नोंदी बंद असतील, आणि त्यांतल्या हरलेल्या रूपांच्या नोंदींचा त्या कंपन्यांना स्वतःलाही काही उपयोग उरलेला नसेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. सरकारी पैशाने होणाऱ्या मोजणीला तरी नोंदी अशा बंद ठेवण्याची मुभा असू नये.

बंधनशक्ती हाच प्रतिपिंडाचा एकमेव गुण नव्हे, हे येथे थोडक्यात नमूद केले पाहिजे. प्रतिजनाला घट्ट धरणारे प्रतिपिंड भलत्याच प्रथिनांनाही धरीत असेल, साठवणीत त्याच्या गुठळ्या होत असतील, किंवा सुईतून जाणार नाही इतका त्याचा द्रव दाट होत असेल, तर ते औषध म्हणून बाद. २०१७ साली अमेरिकेतील एका गटाने, रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेली १३७ प्रतिपिंडे घेऊन ती बारा निरनिराळ्या कसोट्यांवर मोजली, आणि बाजारात आलेली औषधे कोणत्या सीमांच्या आत राहतात याचा दाखला दिला. आणि संगणकाला हे सारे शिकविता येते काय? झुरिकच्या तांत्रिक विद्यापीठातील साई रेड्डी यांच्या गटाने २०२१ साली ट्रॅस्टुझुमॅब या स्तनकर्करोगावरील प्रतिपिंडाची सुमारे दहा हजार रूपे मोजून त्यावर संगणकीय प्रारूप शिकविले, त्याकडून दहा कोटी रूपांचे भाकीत करविले, मग दाटपणा, विद्राव्यता आदी गुणांच्या चाळण्या लावून उरलेल्यांतून तीस रूपे प्रत्यक्ष घडवून पाहिली. तिसांपैकी तीसही आपल्या प्रतिजनाला धरीत होती. हे यश मुख्यत्वे संगणकाचे मानण्याचा आजचा प्रघात मला मान्य नाही. न चिकटणारी रूपे कोणती, हे त्याला चिकटणाऱ्यांइतक्याच तपशिलाने सांगितले गेले होते, म्हणून तो शिकला.

आता आपल्या भूमीतला एक प्रश्न. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली असा अभ्यासकांचा हिशेब आहे, आणि त्यांतली बहुतेक शेतात राबणारी, खेड्यांतली. त्यांना जे औषध मिळते ते मूळ कल्पनेत बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली घटसर्प व धनुर्वात यांसाठी काढलेल्या प्रतिविषाचेच रूप, जे १८९४-९५ च्या सुमारास आल्बेर कालमेत प्रभृतींनी सर्पविषास लागू केले: प्राण्याला थोडेथोडे विष टोचावयाचे आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे काढून घ्यावयाची. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांपासून हे प्रतिविष तयार करून कित्येक पिढ्यांचे प्राण वाचविले, याबद्दल आपण तिचे ऋणी आहोत. परंतु घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपैकी विषाविरुद्धची थोडीच असतात. उरलेले परके प्रथिन रुग्णाच्या शरीराला सोसावे लागते. शिवाय नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून केलेले हे प्रतिविष सर्व प्रांतांतल्या सापांवर सारखे चालत नाही. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने मोजून दाखविले आहे.

२०२४ साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्था, ही बंगळूरची संस्था आणि लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाळा यांनी मिळून एक कृत्रिम मानवी प्रतिपिंड प्रसिद्ध केले. नाग आणि मण्यार यांच्या कुळातील सापांच्या विषात मज्जातंतूंना बधिर करणारा जो एक प्रथिनवर्ग असतो, त्याचे निरनिराळ्या सापांतील नमुने एकापाठोपाठ एक यीस्टवरील प्रतिपिंडसमूहाला दाखवीत, त्या सर्वांना धरणारी रूपे निवडून ते घडविले गेले. ते विषाला ज्या रीतीने धरते ती रीत, विष आपल्या स्नायूंवरील ग्राहक प्रथिनाला ज्या रीतीने धरते, तिच्याशी मिळतीजुळती आहे. म्हणून विषाने त्याला चुकवायचे म्हटले तर स्वतःचे सामर्थ्यच गमवावे लागेल. नागाच्या एका जातीच्या, मण्यारीच्या एका जातीच्या आणि आफ्रिकेतील काळ्या मांबाच्या विषापासून त्याने उंदरांना वाचविले.

घोणस आणि फुरसे यांचे काम मात्र अधिक कठीण आहे. त्यांच्या विषात एक वर्ग नसून रक्त गोठविणारे, रक्तवाहिन्या फोडणारे आणि पेशींची आवरणे तोडणारे असे अनेक प्रथिनवर्ग असतात, आणि प्रत्येक वर्गात अनेक रूपे. तेथे एक प्रतिपिंड पुरणार नाही. लहानसा संच लागेल, आणि तो संच कोणत्या रूपाला धरतो व कोणते निसटू देतो याचा ब्लूम यांच्या नकाशासारखा तपशीलवार तक्ता आधी तयार असावा लागेल. त्यासाठी लागणारी पेशी-वर्गीकरणाची आणि अनुक्रम वाचण्याची यंत्रे आपल्या देशातील संस्थांत आहेत, ती चालविणारी तरुण माणसेही आहेत. हवा आहे तो रत्नागिरीच्या कातळावरील फुरश्याचा, पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडांतल्या घोणशीचा आणि विदर्भातल्या धानाच्या बांधांवरच्या घोणशीचा असा जिल्हावार विषसंग्रह, ज्यात प्रत्येक नमुन्याबरोबर साप कोठे, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या वयाचा सापडला याची नोंद असेल. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये साप पकडून त्याचे विष काढण्यास परवानगी लागत असल्यामुळे, या कामातला पहिला अर्ज वनखात्याकडेच करावा लागेल.